तबकडी हेच दप्तर

श्रीवर्धन हे नाव निघाले की मराठी माणसास दोन गोष्टी आठवतात: तेथील रोठा सुपारी आणि भटांचे घराणे. या गावची देशमुखी सांभाळणाऱ्या घराण्यातील बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचामुळे समुद्रकाठ सोडून घाट चढून गेले आणि १७१३ साली शाहू छत्रपतींचे पेशवे झाले. पुढचा शंभर वर्षांचा इतिहास आज पत्रापत्रानिशी सांगता येतो, तो केवळ कागद राहिले म्हणून. परंतु कागद आपोआप राहत नसतात. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यावरची व पेटाऱ्यांतील दप्तरे त्यांनी मिळविली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड सिद्ध झाले. तो उद्योग झाला नसता, तर श्रीवर्धनच्या त्या घराण्याविषयी आज बरेचसे केवळ दंतकथेवर भागवावे लागले असते.

आता ज्या विद्येला मुळी कागदच नाही, तिचा इतिहास कशावरून लिहावा? जे वाजविले जाते त्याच क्षणी सुचते आणि त्याच क्षणी विरून जाते, अशा संगीताचे दप्तर कोणते? या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाने एका काळ्या तबकडीच्या रूपाने दिले; आणि ज्या संगीतास या तबकडीची गरज सर्वांत अधिक लागली, ते संगीत म्हणजे जॅझ.

जॅझ हे अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचे संगीत होय. आफ्रिकेची माणसे केवळ पश्चिमेसच गेली असे नाही. पूर्वेच्या समुद्राने ती कोकणातही आली. कोणी गुलाम म्हणून, कोणी खलाशी वा शिपाई म्हणून. त्यांच्यातूनच जंजिऱ्याचे सिद्दी राज्यकर्ते झाले आणि श्रीवर्धन १९४८ पर्यंत त्यांच्याच संस्थानात होते. पश्चिमेस गेलेल्यांच्या वाट्याला राज्य आले नाही. त्यांनी न्यू ऑर्लिअन्स शहरात एक नवे वादन घडविले. त्याची पहिली तबकडी १९१७ साली निघाली. तीही एका गोऱ्या वाद्यवृंदाची. दप्तरात प्रथम कोणाचे नाव चढते आणि कोणाचे मागे राहते, हा इतिहासाचा जुना न्याय येथेही दिसतो.

दहा इंची जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात नृत्याची एखादी गत बसे. विस्तार बसत नसे. १९४८ साली मिनिटास तेहतीस फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळाला. ही सोय झाली नसती तर पुढील बंड घरोघर ऐकू आले नसते. डिसेंबर १९६० मध्ये ऑर्नेट कोलमन या सॅक्सोफोनवादकाने न्यूयॉर्कमध्ये चार-चार वादकांचे दोन ताफे एकत्र बसविले. एकाचा आवाज डाव्या कर्ण्यातून, दुसऱ्याचा उजव्यातून. स्वरसंगतीचा आधी ठरलेला क्रम नाही, आवर्तनांची मोजणी नाही. अधूनमधून एखादा बांधलेला तुकडा, बाकी सारे परस्परांना ऐकत. हे वादन सुमारे सदतीस मिनिटे चालले. १९६१ साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा ऐकणाऱ्यास मध्येच तबकडी उलटावी लागे. तिचे नाव होते ‘फ्री जॅझ’, आणि तेच पुढे या साऱ्या पंथाचे नाव झाले.

भारतीय श्रोत्यास यात नवल ते काय, असे वाटण्याचा संभव आहे. आपला गवई रोजच उत्स्फूर्त गातो. परंतु त्याचे स्वातंत्र्य रागाच्या कुंपणात असते आणि कितीही दूर गेला तरी त्याला समेवर यावे लागते. कोलमनच्या पंथाने कुंपण काढले आणि समही सोडली. मग उरले काय? उरले ते शेजारच्याचे ऐकणे. म्हणून या वादनाची स्वरलिपी करून भागत नाही. तबकडी हरवली की वादनच हरवले.

मुंबईस जॅझ अपरिचित नव्हते. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी व व्हायोलिन शिकून मुंबईस आलेल्या तरुणांनी ही विद्या त्वरेने आत्मसात केली. हल्दोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, यांनी ती सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’पर्यंत पोहोचविली. परंतु चित्रपटाच्या तबकडीवर छापले जाई ते गायकाचे व संगीतकाराचे नाव. वाद्ये वाजविणारे गोमंतकीय हात निनावीच राहिले. याच्या उलट जॅझच्या दीर्घ तबकडीच्या वेष्टणावर प्रत्येक वादकाचे नाव वाद्यासह छापण्याची रीत पडली. ही रीत किती मोलाची, हे केशव साठे यांच्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

केशव साठे हे मुंबईत जन्मलेले तबलजी. १९५० नंतरच्या दशकात ते लंडनला गेले. तेथे जमैकाहून आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरिअट होते. कोलमनच्याच सुमारास, परंतु स्वतंत्रपणे, त्यांनी मुक्त वादनाचा मार्ग धरला होता. १९६० साली ध्वनिमुद्रित झालेली त्यांची ‘फ्री फॉर्म’ ही तबकडी त्याची साक्ष होय. कोलकात्याचे जॉन मेयर यांनी हॅरिअट यांच्यासमवेत पाच भारतीय पद्धतीची व पाच जॅझची वाद्ये एकत्र आणली. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडो-जॅझ सूट’ या तबकडीवर तबल्यापुढे नाव आहे ते साठे यांचे. मात्र मेयर यांची रचना बव्हंशी लिहिलेली होती. तिच्यात वादकाला मोकळीक बेताचीच होती.

खरी कसोटी पुढच्याच वर्षी लागली. १९६७ मध्ये जर्मनीतील फिलिंगन या गावी समीक्षक योआखिम-एर्न्स्ट बेरेंट यांनी एक बैठक जमविली. एका बाजूस दिवाण मोतीहार यांची सतार, साठे यांचा तबला आणि कुसुम ठाकूर यांचा तंबोरा. दुसऱ्या बाजूस स्वित्झर्लंडची पियानोवादिका इरेन श्वाइत्सर आणि तिचे साथी, तसेच ट्रंपेटवादक मानफ्रेड शूफ व सॅक्सोफोनवादक बार्नी विलाँ. युरोपातील मुक्त वादनाच्या पुढील इतिहासात श्वाइत्सर व शूफ ही दोन्ही नावे अग्रभागी आहेत. तबकडीचे नाव ‘जॅझ मीट्स इंडिया’. तिच्यातील एका रचनेस फिलिंगनची नदी ब्रिगाख आणि गंगा यांची जोडनावे दिली आहेत. आवर्तनात वाढलेल्या तबलजीने सम सोडून दिलेल्यांच्या शेजारी बसून काय करावे? कोठे ठेका धरावा, कोठे थांबावे? शास्त्रात याचे उत्तर नव्हते. ते त्या बैठकीतच शोधावे लागले, आणि ते आज फक्त त्या तबकडीत आहे.

याच मंडळींत मुंबईत १९३६ साली जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा होते. हॅरिअट यांच्याबरोबर त्यांनी १९६९ साली ‘हम दोनो’ ही तबकडी केली. १९७२ च्या सुमारास त्यांनी आणखी एक ध्वनिमुद्रण केले. त्यात तबला पुन्हा साठे यांचाच. त्याचे नाव ‘कोकण डान्स’. लंडनच्या ध्वनिगृहात बसून या माणसाने आठवण काढली ती आपल्या किनाऱ्याची. पण ते ध्वनिमुद्रण त्या वेळी प्रसिद्धच झाले नाही. फीत फळीवर पडून राहिली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाहेर आली. डिसिल्व्हा १९९६ सालीच निवर्तले होते.

अशा तबकड्या प्रथम निघाल्या त्या थोड्या, खपल्या त्याहून थोड्या. त्या राहिल्या त्या संग्राहकांमुळे. या लोकांचा छंद दुरून पाहणाऱ्यास वेडगळ वाटतो. मधल्या कागदी चकतीजवळ कोरलेला क्रमांक भिंगाने वाचावयाचा, वेष्टणावरील नावे ताडून पाहावयाची, ध्वनिमुद्रण कोणत्या दिवसाचे आणि ट्रंपेट कोणाचा यावर पत्रांतून वाद घालावयाचे! परंतु मोडी पत्राची मिती, शिक्का आणि हस्ताक्षर ताडून पाहणारा संशोधक याहून निराळे काय करतो? वेष्टण हरवलेली तबकडी म्हणजे मायना व मिती फाटलेले पत्र. आवाज ऐकू येतो, पण कोणाचा ते कळत नाही.

मुंबईत या कामास सोबतीही मिळाले. १९५२ साली निरंजन झवेरी व त्यांच्या मित्रांनी ‘ब्लू ऱ्हिदम’ हे जॅझविषयक नियतकालिक काढले. १९७८ साली झवेरी यांच्याच पुढाकाराने ‘जॅझ यात्रा’ भरली. १९९० साली मुंबईतच स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने भारतीय तबकड्यांची सूची व चर्चा यांचे व्रत घेतले. तरीही केशव साठे हे नाव महाराष्ट्रातील किती संगीतप्रेमी घरांत ठाऊक असेल? लंडन व फिलिंगन येथील त्यांच्या वादनाची साधने परदेशी संग्राहकांनी जपली. मराठी संगीताच्या इतिहासाने ती अद्याप आपली म्हणून नोंदविली नाहीत.

श्रीवर्धनच्या समोरून एके काळी पणजी-मुंबई आगबोट जात असे, आणि तिच्यातून व्हायोलिन व ट्रंपेटच्या पेट्या घेऊन गोव्याची मुले मुंबईस येत. त्यांतील बहुतेकांनी रात्रीमागून रात्री जे वाजविले त्याची तबकडी झाली नाही. ते आता कोणासही मिळावयाचे नाही. जे मिळण्यासारखे आहे ते मात्र अजून माळ्यावर, जुन्या कपाटात, एखाद्या घरच्या ग्रामोफोनच्या पेटीत पडलेले असण्याचा संभव आहे. राजवाड्यांना पेशव्यांची पत्रे अशाच जागी सापडली. घर आवरताना काळ्या तबकड्यांचा ढीग भंगारवाल्यापुढे ठेवण्यापूर्वी वेष्टणावरील नावे एकवार वाचून पाहावी, एवढेच काम शिल्लक आहे.