उरलेल्या आचेवरची न्याहारी

हिंगण्यात घरोघरी ओव्हन यायच्या कितीतरी आधीपासून भाजलेली न्याहारी होती. ती दोन ठिकाणी भाजली जायची, गोवरीच्या निखाऱ्यात आणि पावाच्या भट्टीत. माझ्या आजीचा हात निखाऱ्यावर बसलेला, मायचा हिशेब भट्टीशी जुळलेला, आणि मी दोघींच्या हातचं खाऊन मोठी झाले. नागपूरकडची न्याहारी म्हटली की लिहिणारे तर्री-पोह्यांवर येऊन थांबतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. वेणा नदीकाठच्या या गावाला त्याहून जुनं काही ठाऊक होतं.

निखाऱ्यात भाजला जाणारा रोडगा हा मुळात नवसाचा पदार्थ. मारुतीपुढे नाहीतर शेतात पंगत बसायची, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पण पंगतीचा अंदाज नेमका कधी बसत नाही. रोडगे उरायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुस्करून त्यावर गूळ-तूप, किंवा नुसतं गरम दूध. आम्हा पोरांना पंगतीपेक्षा या सकाळचीच ओढ जास्त.

त्याला लागायचं ते सगळं घरातच असायचं. जाडसर दळलेली कणिक, तेलाचं मोहन, ओवा, मीठ. कणिक घट्ट भिजवायची. छोट्या पुऱ्या लाटून, मध्ये तूप लावत एकावर एक ठेवायच्या आणि त्या सगळ्यांना बाहेरच्या पारीत गुंडाळून गोळा करायचा. गोवऱ्या आधी पूर्ण पेटू द्यायच्या. जाळ बसला, नुसती धग उरली की मगच गोळे आत. "जाळात टाकशीन त वरून करपन अन् आतून कच्चा राहीन," असं आजी बजावायची. राख झटकून, फडक्यानं पुसून हातानं फोडला की आतले पदर सुटे व्हायचे. पानगे याच घराण्यातले. त्यांची कणिक दुधात भिजवायची आणि पळसाच्या दोन पानांमध्ये ठेवून निखाऱ्यावर भाजायची. पानांचा किंचित तुरट वास त्यांना लागायचा.

या भाजण्यामागे इथली जमीन होती. विदर्भाच्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतरच्या ओलीवर बन्सी गहू यायचा, वरून पाणी न देता. दाणा कडक आणि पिवळसर, दळला की रवाळ. असं पीठ राखेतल्या मंद आचेवर सावकाश शिजतं आणि खुसखुशीत राहतं. १९६०च्या दशकाच्या शेवटी कल्याणसोना, सोनालिका हे बुटके गहू आले. ओलिताखाली उत्पन्न वाढलं आणि बन्सीचा पेरा आटत गेला. देशाला धान्य हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मऊ, बारीक पिठाचा रोडगा चिवट होतो, हे ज्यानं खाल्लं त्यालाच कळतं.

भट्टी बाहेरून आली. गोव्यात पोर्तुगिजांसोबत पाव रुजला. आमच्या बाजूला कामठीची छावणी १८२१ची, आणि गोऱ्या शिपायाला पाव रोज लागे. १८६७ साली नागपूरला रेल्वे पोचली, १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. भोंग्यावर धावणाऱ्या माणसाला चुलीपाशी बसून न्याहारी करायला वेळ कुठला? हिंगण्यापर्यंत हे लोण यायला बराच काळ गेला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, हिंगणा रोडवर कारखाने उभे राहिले आणि पहिल्या पाळीचा माणूस चहात टोस्ट बुडवून सायकलवर बसू लागला. टोस्ट म्हणजे पावाचे काप पुन्हा भट्टीत घालून कडक वाळवलेले. पाव शिळा होतो, टोस्ट आठवडेच्या आठवडे टिकतो. गरिबाच्या घरात टिकणं ही मोठी गोष्ट असते.

माझे वडील अशाच एका कारखान्यात होते. त्यामुळे आमच्याकडे टोस्ट रोजचा, आणि बिस्किटं दिवाळीची व उन्हाळ्याची. ती विकत आणायची नव्हती, भट्टीतून पाडून आणायची होती. एक किलो मैद्याला अर्धा किलो साखर आणि अर्धा किलो तूप, हे माप. माय त्यात निम्मी कणिक घालायची आणि तुपाच्या जागी डालडा. १९३७ साली बाजारात आलेल्या या वनस्पतीनं साजूक तूप न परवडणाऱ्या कितीतरी घरांना खुसखुशीतपणा दिला. आरोग्यावरच्या तिच्या परिणामांविषयी पुढे जे कळलं ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

भट्टीवाला रात्री पाव काढायचा. विटांच्या घुमटात सकाळीही भरपूर आच शिल्लक असायची, आणि तीच तो आम्हाला द्यायचा. सामान आपलं, मजुरी किलोमागे, आणि ती थोडी, कारण सरपण पावानंच फेडलेलं असे. साखर-तूप पांढरं होईस्तोवर फेसायचं, मग मैदा, चिमूटभर सोडा किंवा अमोनिया. तूप पिठाच्या कणांना आधीच गुरफटून टाकतं, म्हणून बिस्कीट पावासारखं ताणलं जात नाही, तोंडात विरतं. पत्रे लांब दांड्याच्या फावड्यानं आत जायचे आणि आम्ही डब्यांवर आपापली खूण करून रांगेत बसायचो. पत्र्याचा डबा घट्ट लावला की महिनाभर न्याहारीची चिंता नसायची.

पाकिटातली बिस्किटं स्वस्त झाली, गॅस आला, विजेच्या भट्ट्या आल्या. विजेची भट्टी बटण बंद केलं की थंड होऊ लागते, शेजाऱ्याला देण्यासारखी रात्रभराची आच तिच्यात उरत नाही. माझ्या मते ही चाल मोडली ती यामुळे, लोकांची आवड बदलल्यामुळे नव्हे.

तुमच्या गावात लाकडाची भट्टी अजून पेटत असेल, तर येत्या दिवाळीला किलोभर पीठ घेऊन तिथे जाऊन विचारा. आणि रोडगे करणार असाल, तर चक्कीवाल्याला आधीच सांगा, जाडसर दळ.