घाटमाथ्यावरची डिझेल जीप

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात आगगाडीला मानाचे पान असते. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी पाचवीतल्या मुलालाही पाठ असते. आमच्या मुलखातून मात्र आगगाडी एका कडेने निघून गेली. बेळगाव, खानापूर, लोंढा ही तिची वाट. पश्चिमेकडची जांबोटी, कणकुंबीची रानवस्ती आणि चंदगडच्या आतल्या वाड्या तिच्या शिटीच्या पल्ल्यातही नव्हत्या. तिथल्या कित्येक घरांनी आपल्या अंगणात पाहिले ते पहिले मोटार वाहन जीप होते, आणि त्या जीपला पुस्तकात ओळही नाही. तीस-बत्तीस वर्षे इतिहास शिकवताना ही उणीव मला सतत खुपत आली आहे. म्हणून या अंकासाठी हा विषय घेतला. मात्र जीप आली तेव्हा ती आमची नव्हती. तिचे पेट्रोल इंजिन गेले आणि डिझेलचे आले, तेव्हा ती आमची झाली, असे माझे मत आहे.

जीप जन्मली लढाईसाठी. ११ जुलै १९४० रोजी अमेरिकी सैन्याने एकदम १३५ कारखानदारांना कळवले, की हलकी, चारही चाकांना ओढ असलेली गाडी हवी. पहिला नमुना ४९ दिवसांत द्या. बॅन्टम नावाच्या लहानशा कंपनीने तो वेळेत दिला. पुढे काम मुख्यतः विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेले आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. कागदोपत्री ही गाडी ‘पाव टनी ट्रक’. हा पाव टनाचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

युद्ध थांबले तशी विलीज कंपनीने १९४५ मध्ये तीच गाडी शेतकऱ्यासाठी म्हणून बाजारात आणली. नांगर ओढेल, मळणी यंत्र फिरवेल, बाजारालाही नेईल, असा तिचा डांगोरा होता. इंग्लंडात मॉरिस विल्क्स यांनी आपल्या शेतावर लढाईतली जुनी जीप राबवली आणि त्यातून १९४८ मध्ये लँड रोव्हर निघाली. १९५७ मध्ये तिला डिझेल इंजिन मिळाले. पण नांगरटीत या गाड्यांचा टिकाव फारसा लागला नाही. ट्रॅक्टरचे वजन आणि त्याची उंच मागची चाके यांची बरोबरी जीपने कशी करावी?

हिंदुस्थानात जीप आली ती महिंद्र बंधूंमुळे. १९४५ मध्ये त्यांनी मलिक गुलाम महंमद यांच्या भागीदारीत ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी काढली. १९४७ मध्ये ७५ जीपगाड्या सुट्या भागांच्या रूपात आल्या आणि मुंबईत जोडल्या गेल्या. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. आद्याक्षरे तेवढी तीच राहिली!

आमच्याकडे नांगर ओढायला जीपची गरजच नव्हती. लोखंडी नांगराच्या बाबतीत बेळगाव कोणाच्या मागे नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला नांगर याच गावात घडवला. त्यांचा कारखाना १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर गेला तो इथूनच. बैल होते, नांगर होता. अडचण होती ती वाहतुकीची. जूनमध्ये पाऊस लागला की लाल मातीचा चिखल होई, नाले भरत आणि बैलगाडीचा आस रुतून बसे. भाताची पोती, मीठ, रॉकेल, आजारी माणूस, सगळे मग डोक्यावर किंवा खांद्यावर.

या चिखलात पेट्रोलची जीप येत नव्हती असे नाही. यायची, पण साहेबांना घेऊन. मामलेदार, जंगल खाते, रस्त्याचे ठेकेदार आणि निवडणुकीचे उमेदवार असा तिचा परिवार होता. लष्कराच्या लिलावातली एखादी ‘डिस्पोजल’ची जीप घेणारा हौशी जमीनदारही असे. सामान्य शेतकऱ्याला ती परवडत नव्हती. त्यात ऑक्टोबर १९७३ चे अरब-इस्रायल युद्ध झाले आणि काही महिन्यांत खनिज तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. पेट्रोल ही चैनीची वस्तू मानून सरकारने तिच्यावर भारी कर ठेवला होता. डिझेलवर ट्रक, एसटी आणि शेतीपंप चालत, म्हणून ते स्वस्त. हा फरक खेड्यातल्या मेस्त्रींनी अर्थशास्त्र्यांच्या आधी ओळखला असावा.

पैशाइतकेच मोठे कारण पाण्याचे होते. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. नाल्यात गाडी घातली की पंख्याने उडवलेले पाणी डिस्ट्रिब्युटरवर पडते, ठिणगी मरते आणि गाडी मधोमध बंद. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. हवा इतकी दाबली जाते, की ती तापते आणि त्या उष्णतेने फवारलेले डिझेल पेटते. पाणी हवेच्या नळीतून आत जाता कामा नये, एवढेच पथ्य. गेले तर कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजा. म्हणून जाणते ड्रायव्हर ती नळी उंच करून घेत आणि नाल्याच्या काठी उतरून पंख्याचा पट्टा काढत. आमच्या भागातल्या एका मेस्त्रीमामांनी मला हे एका वाक्यात शिकवले होते : “सर, पेट्रोलची गाडी पाणी बघून भिते, डिझेलची भीत नाही बघा.” विज्ञानाच्या तासाला हे वाक्य मी अनेकदा वापरले आहे.

तिसरी गोष्ट ओढीची. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देते. त्याला जीपच्या दुसऱ्या दांड्याची, म्हणजे लो गिअरची जोड मिळाली की वेग सुमारे अडीचपट कमी होतो आणि चाकावरचा जोर तेवढाच वाढतो. माणसाच्या चालीने गाडी चढ चढते, पण थांबत नाही. घाईने ॲक्सिलरेटर दाबणारा चिखलात चाक खणून बसतो. सावकाश जाणारा पार होतो.

तर १९७० च्या दशकात गॅरेजांतून हा उद्योग सुरू झाला. जुन्या जीपचे इंजिन उतरवायचे आणि मिळेल ते डिझेल इंजिन बसवायचे. पुढे मॅटाडोरचीही बसली. इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे सपाट होत; लोहार एक पाटा वाढवून देई. हादऱ्यांनी चासीला तडे जात, ते वेल्डिंगने भरत. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि लेथची कामे करणारे हात होतेच. इंजिन आणि गिअरपेटी यांच्या मधली प्लेट कापून घ्यायला पुण्या-मुंबईला जावे लागत नसे. ही कारागिरी कुठल्या इतिहासात नोंदली जाणार?

कंपनीही त्याच दिशेने गेली. बी-२७५ ट्रॅक्टर बनवणारी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९७७ मध्ये महिंद्रमध्ये विलीन झाली आणि ट्रॅक्टरच्याच घराण्यातले इंजिन जीपमध्ये आले. १९७९ मध्ये फ्रान्सच्या पूजोशी करार झाला. त्यांचे २११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन घेऊन १९८५ मध्ये एमएम ५४० निघाली. पूजोचे इंजिन शांत, ट्रॅक्टरचे धडधडणारे. आमच्याकडे मात्र धडधडणाऱ्यावर लोकांचा जीव अधिक, कारण ते उघडून बसवायला कोणालाही यायचे. अर्थात साऱ्याच डिझेल जीपना चारही चाकांची ओढ नव्हती. पुष्कळशा मागच्या दोन चाकांवरच चालत आणि पावसाळ्यात त्यांना साखळदंड बांधून ओढावे लागे.

मी १९९२ साली घाटाकडच्या एका शाळेत लागलो तेव्हा शाळेच्या दोन नव्या खोल्यांचे सिमेंट, पत्रे आणि लोखंड अशाच एका जीपने वाहिले. वाळू नाल्यातूनच भरायची, तीही तिनेच आणली. दहावीच्या मुलांना परीक्षा केंद्रावर नेले तिने. पाव टन म्हणजे अडीचशे किलो, जेमतेम चार माणसे आणि त्यांच्या पिशव्या. आमच्या जीपमध्ये मी सतरा माणसे मोजली आहेत, टपावरच्या पोत्यांवर बसलेली दोघे वेगळी. हे बेकायदा होते आणि धोक्याचेही होते. तसे अपघातही झाले. पण अडलेल्या बाळंतिणीला रात्री दोन वाजता खानापूरला आणताना कायद्याने दुसरे कोणते वाहन दिले होते, हेही विचारले पाहिजे. आमच्या वर्गात ‘जीपमध्ये झालेला’ म्हणून चिडवला जाणारा एक मुलगा होता. आज तो दोन लेकरांचा बाप आहे.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. जी गाडी बाळंतिणीला घेऊन खाली आली, तिच्याच जातीच्या गाड्या रात्री दिवे मालवून सागवान घेऊन उतरल्या. जिथे बैल पोहोचत नव्हता तिथे कुऱ्हाड जीपने पोहोचवली. घाटमाथ्याचे रान विरळ झाले त्यात तिचा वाटा नाही, असे मला म्हणवत नाही.

आणि सीमाभागात राहणाऱ्याला एक गंमत ठाऊक असतेच. एका चौकात केए-२२, एमएच-०९ आणि जीए अशा तिन्ही पाट्यांच्या जीपगाड्या उभ्या असत. वाडी एका राज्यात, बाजार दुसऱ्या राज्यात, काजू जाणार तिसऱ्या राज्यात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने आखलेली रेषा जीपला दिसायची ती नाक्यावरच्या पावतीच्या रूपाने. त्यामुळे पुष्कळ जीप नाका टाळून रानवाटेनेच जात, आणि रस्ता नसणे हीच मग सोय ठरे.

पुढे चित्र पालटले. २००० मध्ये बोलेरो आली, पाठोपाठ मालवाहू पिकअप आल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी बंधनातून मोकळे झाले आणि पेट्रोल-डिझेलमधली जुनी दरी कमी झाली. धुराचे नियम कडक होत गेले. नवी इंजिने संगणकावर चालू लागली, ती झाडाखाली उघडता येत नाहीत. डांबर बरेच आत पोहोचले आहे. पण सगळीकडे नाही. भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाले आणि त्यातल्या गावांचा रस्त्याचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी खांद्यावरून बाहेर आणले. त्या बातमीची चर्चा चालू असताना शेजारच्या वाडीतल्या एका काकांनी मला विचारले, “सर, मेस्त्रीमामांची ती जुनी जीप अजून चालू आहे का हो?”

चालू आहे. हवेची नळी उंच केलेली ती जीप मामांच्या मुलाकडे आहे आणि दर मे महिन्यात तिचे पाटे उतरवून ग्रीस होते.