‘फ्रीवे’ या शब्दाविषयी तळटीप

फ्रीवे : या शब्दातील ‘फ्री’ म्हणजे फुकट, असा समज सहज होतो, पण तो चुकीचा आहे; एडवर्ड बॅसेट या अमेरिकी नगररचना-कायदेतज्ज्ञाने १९३० मध्ये ही संज्ञा मांडली, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न पैशाचा नव्हता, तर लगतच्या जमीनमालकांना जेथे थेट उतरण्याचा हक्क नसेल, अशा रस्त्याचा होता. म्हणूनच फ्रीवेवर घराचे फाटक किंवा दुकानाचे दार उघडत नाही, सिग्नल नसतात, आडवे रस्ते पुलावरून वा खालून जातात आणि वाहनांना ठरावीक रॅम्पवरूनच आत-बाहेर करता येते. ‘हायवे’ ही संज्ञा बरीच व्यापक असून अमेरिकी कायद्यात ती बहुधा कोणत्याही सार्वजनिक रस्त्याला लागू पडते. टोल-रस्ता हा भेद मात्र बांधणीचा नसून पैसा कोठून येतो याचा आहे : १ ऑक्टोबर १९४० रोजी खुला झालेला पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक रचनेने फ्रीवेसारखाच होता, परंतु त्याचे कर्जरोखे पथकरातून फेडायचे होते. (‘टर्नपाइक’ हे नावही जुन्या नाक्यांवर पैसे घेतल्यावर फिरवल्या जाणाऱ्या आडव्या दांड्यावरून आले.) १९५६ च्या कायद्यानुसार आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च संघराज्य सरकारने, मुख्यतः इंधनकरातून, उचलला आणि त्यांवर टोल घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई राहिली, तरी आधीच बांधलेले अनेक टर्नपाइक त्या जाळ्यात सामावून घेतले गेले. मुंबईचा पूर्व मुक्तमार्ग टोलविरहित असल्याने ‘मुक्त’चा अर्थ टोलमुक्त असाच घेतला जाण्याचा संभव मराठीत अधिक आहे, त्यामुळे प्रस्तुत ग्रंथात ‘फ्रीवे’ हा शब्द मूळ रूपातच ठेवला आहे. — संपादक