चुंबकाचा डोंगर आणि सुंभ

अलिफ लैलातील तिसऱ्या कलंदराची कहाणी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. जहाज चुंबकाच्या काळ्या डोंगराजवळ जाताच त्याचे खिळे निखळून डोंगराकडे उडतात आणि फळ्या सुट्या होतात.

असा डोंगर कुठल्याच दर्यात नाही. पण ही कल्पना निव्वळ करमणुकीची नव्हती. अरबी समुद्रातील गलबते पूर्वी सुंभाने शिवत. खिळे का नाहीत, याचे उत्तर परक्यांना हवे होते आणि ते या डोंगराने पुरवले. सहाव्या शतकात प्रोकोपियस या ग्रीक इतिहासकाराने ती कथा खोडून काढली. तांबड्या समुद्रातील रोमन जहाजांत भरपूर लोखंड असते, त्यांना काहीच होत नाही, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. मग त्याने स्वतःचे कारण दिले: हिंदी लोकांकडे लोखंडच नाही! अरबीत मात्र हिंदी पोलादाच्या तलवारीला खास शब्द आहे, ‘मुहन्नद’. आणि लोखंडाच्या खाणींसाठी आमच्या जिल्ह्यातील रेडी प्रसिद्ध आहे.

दोन्ही उत्तरांत सुताराची अक्कल कुणीच हिशेबात धरली नाही. लाटेबरोबर वाळूवर आदळताना शिवलेली फळी थोडी लवते, तडकत नाही. दोरी झिजली तर नवी ओवता येते. आणि काथ्या तर दारच्या माडाचाच.

२०२५ साली भारतीय नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज गोव्यात असेच काथ्याने शिवून बांधले आहे.