तळटीप २३ : मोहोळाच्या मधातले औषध
२३. येथे औषध म्हणजे पिकावर फवारलेले कीटकनाशक. मजकुरातला मध पेटीतला नव्हे, आग्या मोहोळाचा. आग्या माशी पाळता येत नाही. उंच झाड किंवा कडा धरते आणि मकरंदासाठी काही किलोमीटर फिरते. त्यामुळे किनवट-माहूरच्या रानालगतचे मोहोळ असो की औशाच्या शिवारातले, भोवतालच्या फवारणीचा अंश त्यात उतरू शकतो. रब्बीत करडईवर मावा पडतो, कोवळ्या शेंड्यांवर काळा थर बसतो, आणि त्यावर डायमेथोएट फवारतात. ते आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारे. फवारणी फुलोऱ्यापर्यंत लांबली की धोका वाढतो.

तपासणीसाठी साधारण ५ ग्रॅम मध पाण्यात विरघळवतात, ॲसिटोनायट्राइल व क्षार घालून हलवतात आणि वेगळा झालेला वरचा थर शुद्ध करून यंत्राला देतात. ‘क्वेचर्स’ नावाची ही पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. अंश मोजायचा तो किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या पाहणीत जगभरच्या १९८ नमुन्यांपैकी ७५ टक्क्यांत निओनिकोटिनॉइड गटातले किमान एक कीटकनाशक आढळले; बहुतेक ठिकाणी माणसासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आत. माशीला मात्र त्याहून कितीतरी कमी मात्रा बाधते.

पोळे पिळून काढलेल्या मधात पराग आणि मेणही येते, व तेलात विरघळणारी कीटकनाशके मेणातच साचतात. म्हणून मध कसा काढला ही नोंद नसलेला अहवाल या भागापुरता तरी अपुरा समजावा.