मिरजेच्या वेणाबाई आणि ‘सीतास्वयंवर’

मराठी संतकवयित्रींच्या भक्तीचें वर्णन पुष्कळ झालें आहे. परंतु त्या भक्तीच्या आश्रयानें त्यांनीं कोणती मर्यादा ओलांडली, याची नोंद क्वचितच होते. समर्थशिष्या वेणाबाई यांच्यापुरती ती करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

स्त्रीनें बाल्यीं पित्याच्या, यौवनीं पतीच्या व पुढें पुत्रांच्या अधीन राहावें, हें मनूचें विधान वाचकांस परिचित आहेच. चीन देशांत कन्फ्यूशियसच्या परंपरेंतील ‘लि-जी’ या आचारग्रंथांतही हाच त्रिविध नियम आढळतो. तंजावरास मराठ्यांच्या राज्यांत त्र्यंबकयज्व्यानें अठराव्या शतकांत ‘स्त्रीधर्मपद्धति’ रचून पतिसेवा हाच स्त्रीचा मुख्य धर्म म्हणून प्रतिपादिला. मग जिला पति नाहीं व पुत्रही नाहीं, त्या बालविधवेस या व्यवस्थेंत स्थान तें कोणतें?

वेणाबाईंचें माहेर कोल्हापूरचें व सासर मिरजेचें. बालवैधव्यांत एकनाथी भागवत वाचीत असतां समर्थांची भेट झाली व त्यांनीं शंका विचारल्या, असें सांप्रदायिक चरित्रें सांगतात. लोकापवादाच्या भयानें आप्तांनीं त्यांस विष दिलें, ही कथाही त्यांतलीच. मीराबाईंविषयींही अशीच कथा असल्यामुळें, घडलेली गोष्ट म्हणून तिचा आधार घेणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. मात्र ज्या समाजानें ही कथा सांगितली व ऐकली, त्यास वेणाबाईंचें वर्तन किती मर्यादाबाह्य वाटलें असेल, याचें ती प्रमाण आहे.

याहून बळकट प्रमाण त्यांचा ग्रंथ होय. ‘सीतास्वयंवर’ हें चौदा समासांचें ओवीबद्ध आख्यान. त्यांत लग्नसोहळ्याचें साग्र वर्णन असून तत्कालीन महाराष्ट्रांतील चालीरीति त्यांत उतरल्या आहेत. ज्या विधवेनें मंगलकार्यांत पुढें येऊं नये असा दंडक, तिनेंच जानकीच्या विवाहाचें यजमानपण आपल्या वाणीनें केलें! शास्त्राविरुद्ध एक अक्षरही न लिहितां निषिद्ध मांडवांत प्रवेश करण्याची ही रीति आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

समर्थांनीं त्यांस उभ्यानें कीर्तन करण्याची अनुज्ञा दिली व मिरजेचा मठ त्यांजकडे सोंपविला, असें संप्रदायांत प्रसिद्ध आहे. शके १६०० (इ. स. १६७८) मध्यें सज्जनगडावर त्यांनीं देह ठेविला, तेथें त्यांची समाधि आहे. समर्थांच्या निर्याणानंतर चाफळ व सज्जनगड येथील व्यवस्था पाहणाऱ्या अक्काबाईंची समाधिही त्याच गडावर आहे. अर्थात् केवळ एका स्त्रीवरील गुरुकृपा एवढाच अर्थ यांतून काढणें अपुरें होय.

यास बंड म्हणावें काय? १८८२ त ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे यांचा उघड वाद येथें नाहीं. वेणाबाईंनीं नियम खोडला नाहीं. नियमाच्या कक्षेबाहेरील गुरुभक्तीची भूमि निवडून तेथें त्या उभ्या राहिल्या. गुर्वाज्ञेचें बंधन त्यांनीं मानलेंच. परंतु तें त्यांनीं स्वतः पत्करिलें होतें, जन्मानें अंगीं आलें नव्हतें.

आमची संग्राहकांस एक विनंति आहे. सातारा व सांगली या प्रांतांतील बाडांची याद करितांना स्त्रियांच्या नाममुद्रेचीं पदें, आख्यानें व लग्नगीतें ‘किरकोळ’ या सदरांत टाकूं नयेत. मुद्रा, लेखनकाल व बाड कोणत्या घरचें, एवढें तरी टिपून ठेवावें. शास्त्रग्रंथांतून स्त्रीनें कसें वागावें तें कळतें. ती प्रत्यक्षांत कशी वागली, हें या जीर्ण पानांवरूनच कळावयाचें आहे.