पंख्यावरचे स्टार

कसाऱ्याच्या घाटात विजेची इंजिनं १९३०च्या सुमारास धावू लागली. आसपासच्या पाड्यांवर घरगुती वीज पोचायला मात्र पुढे कित्येक दशकं गेली. आता पंखा घ्यायचा तर आपण आधी किंमत विचारतो, स्टार मागाहून मोजतो. सरकारचा ‘इकोमार्क’ १९९१चा; तो फारसा रुजलाच नाही. २००६मध्ये आलेलं स्टार लेबल आपल्याला कळलं, कारण त्यात वीजबिल दिसत होतं. पण जास्त स्टारची वस्तू आधी जास्त पैसे मागते. ‘उजाला’ योजनेच्या एलईडी बल्बनं तिथेच वाट काढली. एकगठ्ठा सरकारी खरेदीमुळे २०१४चा ३१० रुपयांचा खरेदीदर पुढे ३८वर उतरला. छताच्या पंख्यांना २०२३पासून स्टार सक्तीचे झाले. त्यांचा दर तसा उतरवणं अजून बाकी आहे.